बंदीच्या महिन्यांतली भिंत

जून लागला की मला कुणा ना कुणाचा असा फोन येतोच. यंदा अंधेरीच्या एका डेकोरेटरचा आला. लोखंडवाल्याच्या बाजूला नवं सीफूड रेस्टॉरंट उघडतंय, त्याची एक अख्खी भिंत त्याला माझ्याकडून करून हवी होती. "मॅडम, कोळीवाडा थीम ठेवू या. जाळी, शंख, वल्हं, थोडा रस्टिक फील. आणि जाळं खरं पाहिजे हां, वापरलेलं." मी म्हटलं, बाकी सगळं करते, जाळं मी वापरत नाही. "अहो, पण तुम्ही स्वतः कोळी ना?" म्हटलं, हो, वेसाव्याची. मग बिचाऱ्याने विषय बदलला. मी भाव खातेय असं त्याला वाटलं असणार. वाटू दे.

माझ्या कामाला लोक मिक्स्ड मीडिया म्हणतात. म्हणजे भिंतीवर लावायचं चित्रच, पण त्यात रंग कमी आणि बाकीचं जास्त. चपला, टूथब्रश, औषधांची रिकामी पाकिटं, बाटल्यांची बुचं, माकुल माशाची हाडं, गंजलेला पत्रा. एकदा पेपरात छापून आलं तेव्हा त्यांनी 'अपारंपरिक साहित्य' असा शब्द वापरला होता. मला हसू आलं. ज्या घरात बोंबील आणि परकर एकाच दोरीवर वाळत, त्या घरातल्या मुलीला यात अपारंपरिक काय वाटणार? शाळेतल्या बाई 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणायच्या, त्या शब्दांचा तर मला तेव्हापासून राग आहे. टिकावं म्हणून मी काही करत नाही. एखादी वस्तू कुणीतरी रोज हाताळलेली असते, मग ती दर्यात जाते, खारं पाणी तिचा रंग काढून घेतं आणि एक दिवस ती किनाऱ्यावर येऊन पडते. ती कुणाची होती हे कधीच कळत नाही. मला त्या न कळण्याचीच गंमत वाटायची. त्या वर्षापर्यंत वाटायची.

गेल्या आठवड्यात आईकडे गेले होते. मी राहते कांदिवलीला, आई अजून वेसाव्याच्या कोळीवाड्यातच. आमच्या गल्लीत शिरताना छत्री तिरकी धरावी लागते, इतकी ती अरुंद. होड्या वर ओढून झाल्या होत्या. त्यांच्यावर निळ्या ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर टायर, टायरांत साचलेलं पाणी. डिझेलचा आणि ओल्या नायलॉनचा तो वास नाकात गेला आणि मी चालायची थांबले. दरवर्षी होतं. मला वाटतं, आता होणार नाही, आणि होतंच.

बाहेरच्या लोकांना पावसाळा असतो, आम्हाला बंदी असते. जून-जुलैत होड्या दर्यात जात नाहीत. माशांची वीण होऊ द्यायची, असा सरकारचा नियम आहे, आणि नियम नव्हता तेव्हाही या दिवसांत कुणी जात नसे. लहानपणी मला हे महिने फार आवडत. बापूस घरी असायचा. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून तो दिवसभर पडवीत बसे, आणि त्याची लाकडी सुई फाटक्या घरांमधून खाली-वर होत राही. घरात ताजी मासळी नसे. सुका जवळा, सोडे, बोंबलाचं कालवण, असं चाललेलं असे. गल्लीतले पुरुष पत्ते कुटत, भांडत, दारू पीत, आणि बायका म्हणत, कधी एकदाची नारळी पुनव येते आणि ही ब्याद दर्यात जाते. म्हणताना हसत. कारण मनातून त्यांना बरंच वाटत असे. या दोन महिन्यांत कोळणीला झोप लागते.

त्या वर्षी मात्र गल्लीतले सगळे पुरुष घरी होते आणि जयू नव्हता.

जयू माझा धाकटा भाऊ, जयवंत. बापूस गेल्यावर तो काकाच्या होडीवर जाऊ लागला आणि मी लग्न होऊन कांदिवलीला आले, तरी माझं अर्धं सामान तोच पुरवी. जाळ्यात मासळीबरोबर जे जे येतं ते बाकीचे परत दर्यात फेकतात. जयू ते गोणीत भरून ठेवी. मग महिन्या दोन महिन्यांतून रिक्षात गोणी टाकून माझ्या सोसायटीच्या दारात हजर. वॉचमन त्याला आत सोडत नसे, कारण गोणीचा वास लिफ्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत पोचे. मला खाली बोलावलं जाई. जयू तिथेच गेटवर गोणी उपडी करी. बाहुलीचं मुंडकं, टीव्हीचा रिमोट, चष्म्याची एक काडी, दात पडलेला कंगवा. "ताय, तुझा बाजार आणलाय बघ. दर्यात आता मासे कमी आणि तुझंच सामान जास्त. उद्या मासे पण प्लास्टिकचेच मिळनार, मग तू मासेच लाव भिंतीला, झकास." शेजारच्या बायका नाकाला पदर लावून जात. तो त्यांना वाकून नमस्कार करी. असा होता.

त्या वर्षी मे संपत आला असताना काकाची होडी शेवटच्या फेरीला गेली. बंदीच्या आधीची शेवटची म्हणून सगळेच जातात, वाऱ्याची लक्षणं दिसत असली तरी जातात. होडीवर चौघे होते. जयू, सखाराम नावाचा पालघरकडचा खलाशी आणि दुसरे दोघे. वाऱ्यात होडी उलटली. दुसऱ्या दोघांना दुसऱ्या एका होडीने उचललं. त्यांनी सांगितलं, आम्ही शेवटचं बघितलं तेव्हा जयू आणि सखाराम डिझेलच्या एकाच रिकाम्या कॅनला धरून होते, एकाच दोरीत बांधून घेतलेले. मग लाटा मोठ्या झाल्या आणि दिसेनासे झाले. उलटलेली होडी सापडली, ओढून आणली. ते दोघे सापडले नाहीत. शोधायला सरकारी बोटी गेल्या, आमच्या वेसाव्याच्या गेल्या, मढच्या गेल्या. मग दर्या खवळला, मग बंदी लागली. शोध थांबवू या, असं कुणीच म्हणालं नाही. एकेक करून होड्या तेवढ्या वर ओढल्या गेल्या.

"दोघं एकाच कॅनला हायेत," आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "एकटा न्हाय तो. कुठंतरी लागले असतील. गुजरातला लागले असतील. दर्या उघडला की येतील."

लोक मान डोलावत. वाद कोण घालणार?

जयूने माझ्यासाठी भरलेली गोणी तेव्हा आईच्या पडवीत पडून होती. पाण्याने ती कुजायला लागली, घरात वास भरला, म्हणून मी एके दुपारी ती उघडली. काहीतरी ठेवायचं, बाकी फेकायचं, असा विचार होता. आई दारात येऊन उभी राहिली. "काय फेकू नको. त्यानं तुझ्यासाठी जमवलंय ना? मग लाव की." "कुठे लावू?" "हितंच. माझ्या भिंतीला."

बाहेरच्या खोलीत दारासमोर एक भिंत आहे. तिला कायमची ओल. त्या हवेत कुठलाही डिंक वाळत नाही, प्लायवूड फुगतं, एपॉक्सी लावलं तर पोपड्यासकट खाली येतं. म्हणून मी भिंतीत खिळे ठोकले, लाकडी पट्ट्यांची चौकट केली आणि तिच्यावर जयूच्या जुन्या जाळ्याचा एक तुकडा ताणून बसवला. त्या जाळ्याला एकेक वस्तू दोऱ्याने बांधत गेले. चिकटवलेलं पडतं, बांधलेलं पडत नाही, हे मला बापसाने लहानपणीच शिकवलं होतं. वर माकुलाची पांढरी हाडं, मधे बाहुलीचे हात, खाली चपला. मी चित्र म्हणून विचार करत होते, तेवढाच मला आधार होता. कुठला रंग कुठे, वजन कुठल्या बाजूला. हात चालू असला की डोकं थोडं गप्प बसतं.

आईने ते चित्र म्हणून पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती किनाऱ्यावर गेली आणि येताना एक लायटर घेऊन आली. "हा पण लाव." तिसऱ्या दिवशी कंगवा. मग रेनकोटची बाही. पावसाळ्यात भरती आमच्या किनाऱ्यावर किती काय आणून टाकते ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत, गुडघाभर कचरा असतो. आई त्यातून कमरेत वाकून फिरायची. बाईमाणसाच्या वस्तूला ती हात लावत नसे. लहान मुलाच्या चपलेला लावत नसे. पुरुषाचं काही दिसलं की उचलायची, नळाखाली धुवायची आणि माझी वाट बघत बसायची. शाळा संपली की मी तिकडे जाई. मी चित्रकला शिकवते. दिवसभर मुलांना निसर्गचित्र काढायला लावायचं, दोन डोंगर, मधे सूर्य, आणि संध्याकाळी आईने आणलेला कुणाचा तरी पट्टा भिंतीला बांधायचा, असं माझं त्या जुलैत चाललं होतं.

भिंत भरत गेली. तिला आता वरून खालपर्यंत एक माणूस दिसू लागला होता. तो मी काढला नव्हता. आईच सांगायची, चप्पल खाली, पट्टा मधे, चष्मा वर, आणि मी बांधत जायचे. एकदा मागे सरकून बघितलं. नको वाटलं. तरी मी थांबवलं नाही, कारण आई त्या वेळी फक्त भिंतीसमोर बसूनच दोन घास खायची. गल्लीतल्या बायका यायच्या, बघायच्या, जायच्या. किनाऱ्यावर कचरा वेचायला आलेली एक कॉलेजची मुलगी घरात डोकावली, फोटो काढले आणि "बापरे, किती पॉवरफुल आहे" म्हणाली. आईने तिला चहा पाजला. ती गेल्यावर मला विचारलं, "काय बोलली ती?" मी म्हटलं, चांगलं आहे म्हणाली. "हां," आई म्हणाली, "चांगलाच होता तो."

'होता' म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं.

या सगळ्यात सगळ्यात जास्त कोंडी रंजनाची झाली होती. रंजना जयूची बायको, माहेर खार दांड्याचं, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूल नव्हतं. एक दिवस मी भिंतीवर काम करत असताना ती मोरीशी भांडी घासत होती. घासता घासता थांबली. "ताई, सकाळी टिकली लावताना मला विचार करावा लागतो. लावली तर बाजारातल्या बाया बघतात. नाही लावली तर आई बघतात. मी नक्की कोण आहे ते कुणीतरी सांगा ना मला." तिने नळ बंद केला. "नाटक नाही करत हां मी," ती म्हणाली. "मला एकदा नीट रडायचंय. तेवढं पण नाही करू देत आई. रडले की म्हणतात, जित्या माणसासाठी रडतेस? त्याचं आयुष्य कमी करतेस?"

तिचं सगळं एका विधीवर अडलं होतं. दर्यात गेलेल्या माणसाचं शरीर मिळालं नाही तर त्याचा दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात. आमच्या वाड्यात हे नवीन नाही. पुतळा जळेपर्यंत ना सुतक लागतं ना फिटतं. काका आईकडे येऊन पडवीत बसला. तो एवढा मोठा नाखवा, होडीचा मालक, पण बोलला तो खाली बघून. "वहिनी, पुनवेच्या आत उरकून घेऊ."

"कुनाचं उरकताय?" आईने विचारलं.

काकाने पायाने चप्पल ओढून घेतली.

"माझ्या घरात कोन मेलाय का? मना नाव सांग."

काका उठून गेला. पुन्हा तो विषय घेऊन कुणी आलं नाही. उलट आईने त्याच आठवड्यात नारळी पुनवेचा नारळ आणून ठेवला, भिंतीच्या खाली, पाटावर. त्याला लावायचा सोनेरी कागदही आणला. त्याचा अर्थ सगळ्या वाड्याला कळला. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलाय त्या घरातून दर्याला नारळ जात नाही. आई नारळ देणार होती, आणि तो सुनेच्या हातून देणार होती. हिरवी साडी, अंबाड्यात वेणी, कपाळभर कुंकू, अशी रंजना मिरवणुकीत चालली की तिचा नवरा जिवंत आहे हे साऱ्या गावासमोर ठरलं. मग पुतळ्याचं नाव कुणी काढायचं नाही. "मी नाही जाणार," रंजना मला म्हणाली. "मला ओढून नेलं तरी नाही. त्यापेक्षा मी दांड्याला निघून जाईन, ताई, खरं सांगते." मला दोघींचंही पटत होतं आणि दोघींचाही राग येत होता. घरात तीन बाया, आणि एकमेकींशी बोलायला त्या भिंतीला मधे घेत होत्या.

मग तो बटवा आला. पुनव अगदी तोंडावर आली होती. तळहाताएवढा बटवा, दुधाच्या पिशव्या घड्या घालून, एकावर एक ठेवून केलेला, आणि कडा हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेल्या. पाणी आत जाऊ नये म्हणून खलाशी तंबाखू ठेवायला असले बटवे करून घेतात. आई तो पदराखाली झाकून घेऊन आली. तिचा चेहरा मला आठवतो. आनंद म्हणावा तर तो नव्हता, पण गालांवर रंग आला होता. "ह्यो दोरा बघ. आपल्याच जाल्याचा हाय. काकाच्या होडीवरचा." दोरा खरंच तसाच होता. "जयूचा हाय. त्यानंच सोडलाय, कळावं म्हनून."

रंजना दारात उभी होती. "आई, ते तंबाखू कुठे खायचे? हा सखारामचा असेल."

"तुला सगलं सांगून खात व्हता काय?"

रंजना मोरीकडे वळली. मी दोरा ओवायला घेतला, तर आईने बटवा माझ्याकडे दिलाच नाही. स्टूल घेऊन ती स्वतः वर चढली. माझ्याकडे पाठ करून, सावकाश, बोटांनी चाचपडत, भिंतीवरच्या त्या माणसाची कंबर जिथे आली असती तिथे तिने तो बांधला. बराच वेळ लागला तिला. मला वाटलं, म्हाताऱ्या हातांना गाठ जमत नसेल. ज्या बाईने सगळं आयुष्य जाळी शिवण्यात घालवलं तिच्याबद्दल मी असं वाटून घेतलं.

पुनवेच्या दोन-तीन दिवस आधी सखारामची बायको आली. वनिता तिचं नाव. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. काटकुळी, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, हातात कापडी पिशवी. काकाकडे नवऱ्याची पेटी राहिली होती, तिच्यातले कपडे न्यायला आली होती. तिच्या सासऱ्यांनी पुतळा करायचं ठरवलं होतं आणि त्याला नेसवायला नवऱ्याच्या अंगचं काहीतरी हवं होतं. काकाने तिला आमच्याकडे चहाला पाठवलं. बिचाऱ्याच्या मनात काही असेल असं मला वाटत नाही, घरी आलेल्या बाईला बायकांच्यात पाठवायचं एवढंच.

आईने तिला जवळ बसवलं. दोघींचे पुरुष एकाच दोरीत होते, तेव्हा काय बोलायचं हे आईला ठाऊक होतं. "कालजी करू नको गो. दोघं एकत्र हायेत. कपडे कशाला न्हेतेस? तो आल्यावर घालंल की."

वनिताचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती भिंत बघत होती. चहाचा कप तिने खाली ठेवला, उठली आणि भिंतीजवळ गेली. चपला बघितल्या, पट्टा बघितला. मग तिचं बोट त्या बटव्याच्या कडेवरून फिरायला लागलं, एका टाक्यावरून दुसऱ्या टाक्यावर.

"मावशी, ह्यो मी शिवलाय," ती म्हणाली. "पाडव्याला आलते तवा त्यांनी दोरा आनलावता. ह्या कोपऱ्यात सुई मोडली माझी, म्हनून इथं दुहेरी टाका हाय."

रंजना मोरीतून बाहेर आली. मी कात्री घ्यायला उठले, तर आई म्हणाली, "तू बस." ती पुन्हा स्टुलावर चढली. बांधताना जेवढा वेळ लागला होता तेवढा सोडताना लागला नाही. बटवा सुटला आणि त्याच्याबरोबर जाळ्याच्या मागून आणखी काहीतरी घसरत खाली आलं. काळा दोरा, वेढे घालून मागे खोचलेला.

करगोटा होता. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, पुरुषाच्या कमरेला तो बारशापासून असतो. जुना झाला तर आधी नवा बांधतात आणि मगच जुना तोडतात. कंबर मोकळी ठेवत नाहीत. मोकळी करतात ती माणूस गेल्यावर. बटवा त्या करगोट्यात ओवलेला होता. आणि करगोटा कुठे तुटलेला नव्हता, त्याची गाठ सुटलेली नव्हती. अख्खा वेढा तसाच्या तसा होता. जिवंत माणसाच्या कमरेवरून तो असा निघत नाही. दर्यात माणसाचं काय होतं ते कोळीवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

वनिता भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने वर बघितलं. "मावशी, ह्यो तुमाला दिसलावता?"

"दिसलावता," आई म्हणाली. स्टुलावरून ती अजून उतरली नव्हती. "मीच मागं दडवला."

मला वाटलं वनिता चिडेल, ओरडेल, तिला तो हक्क होता. तिने फक्त हात वर केला आणि आईने बटवा आणि तो दोरा तिच्या हातात दिला. दोघे एकाच कॅनला होते, एकाच दोरीत, हे आईनेच साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. तिच्याच शब्दांनी तिला आता कुठे सरकायला जागा ठेवली नव्हती. वनिताने दोरा बटव्याला गुंडाळला, बटवा पदराच्या गाठीत बांधला आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली. तिच्या शेजारी जाऊन रंजना बसली आणि तीही रडायला लागली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. दोन महिन्यांत पहिल्यांदा आईने तिला अडवलं नाही.

ती भिंत अजून आहे. कधी कधी विचारतात, प्रदर्शनात ठेवू या का. नाही म्हणते. दर जूनला मी जाऊन तिच्यावरची धूळ आणि बुरशी पुसते, सुटलेलं काही असेल तर पुन्हा बांधते. नवीन वस्तू तिच्यावर त्यानंतर एकही आली नाही. आई आता किनाऱ्यावर जात नाही. रंजना दांड्याला असते, तिचं दुसरं लग्न झालं, आईनेच लावून दिलं म्हणा. सणाला येते, आईच्या हातचं खाऊन जाते. गेल्या आठवड्यात मी भिंत पुसत होते आणि आई मागे खाटेवर पडून बघत होती. जाळं मी त्यानंतर पुन्हा कुठल्याच चित्रात वापरलं नाही. वस्तू कुणाची ते कळत नाही, यात आता मला काही गंमत वाटत नाही. कुणाची तरी असतेच. कुणीतरी तिच्यावर दुहेरी टाका घातलेला असतो.

त्या वर्षी आमच्या घरातून दर्याला नारळ गेला नाही. पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी भटजी आले. पडवीत दर्भाची जुडी, पळसाची पानं, जयूचा सदरा, सगळं मांडून झालं. काका भिंतीला टेकून उभा होता. गल्लीतल्या बायका दाराबाहेर जमल्या होत्या. भटजी तसे समजुतीचे, त्यांना लवकर आटपायचं होतं आणि आम्हालाही त्रास कमी व्हावा असं वाटत असणार. ते म्हणाले, "पुतळा मोठा लागत नाही. हातभर केला तरी शास्त्राला चालतो."

आई आतल्या खोलीतून बाहेर आली. "माझा पोर हातभर नव्हता," ती म्हणाली.

मग पुतळ्याची लांबी मोजायला तिने कोपऱ्यातली दोरी घेतली. दोरी असो, जाळं असो, दर्याची खोली असो, आमच्यात सगळं वावेनं मोजतात. दोन्ही हात पूर्ण पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं भरेल ती एक वाव. आईने दोरीचं एक टोक डाव्या मुठीत धरलं आणि उजवा हात लांबवत नेला. खांदे वर चढले, पाठ ताठ झाली, दोरी तिच्या छातीवरून सरळ ताणली गेली. रंजना सुरी घेऊन पुढे आली आणि आईच्या उजव्या मुठीपाशी धरली.

"तिथं नको," आई म्हणाली. "चार बोटं पुढं काप. माझ्या हातांत मावत नव्हता तो."

रंजनाने चार बोटं सोडून दोरी कापली. भटजींनी ती घ्यायला हात पुढे केला, पण आई हात पसरून तशीच उभी राहिली.